फ्लेक्सवरची माई

बाळादादा,

माईच्या तेराव्याला तू ठाण्याहून फ्लेक्स करून आणलास, फाटकावर बांधलास आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेलास. फोटोतला तिचा पुढे आलेला दात तू कॉम्प्युटरवर काढून टाकलास. गाल गुलाबी केलेस. खाली छापलंस, 'शांत, सोशीक माउली'.

आपली आई शांत कधी होती रे? ती सोशीक असती तर मी कॉन्व्हेंटची पायरी चढले नसते. "पोरगी इंग्रजी शिकून काय दिवे लावणार?" असं अप्पा म्हणाले, तेव्हा तिने सुनावलं होतं, "ती शाळेत जाईपर्यंत या घरात चूल पेटणार नाही." आणि खरंच पेटली नाही. तू शेजारच्या काकूंकडे जेवत होतास, विसरलास?

लेकीकडे गेलेली मासेवाली सखू काल परत आली. बांगडा ताजा की शिळा यावरून ती माईशी जन्मभर भांडली. फ्लेक्सकडे बघून मला विचारते, "बाय, ही कोन गो? तुजी सासू काय?"

मी आतून जुना फोटो आणला, दात पुढे असलेला. तो पाहिला आणि डोक्यावरची पाटी उतरवून ती तिथेच रडत बसली. "आता मी भांडू कोनाशी?"

हे पत्र मी पाठवणार नाही. तू माझा रागही गुळगुळीत करून वाचशील. फ्लेक्स मात्र उतरवलाय आणि मागच्या अंगणातल्या लाकडांवर उलटा घातलाय. माईनेही तेच केलं असतं.

माईची लेक,
बेबी