माझं लिव्हर आणि घरातली इतर माणसं

२७ जुलै
दुपारी थंडी वाजून ताप. दातावर दात. कुंदाने दोन चादरी, ब्लँकेट आणि वर सतरंजी टाकली, तरी पलंग हलत होता. मग अंगातून वाफा. मग घाम. मग एकदम फ्रेश. चहा मागितला.
कुंदा म्हणाली, डॉक्टरकडे चला. म्हटलं, गरज नाही. शरीराने प्रॉब्लेम ओळखला, ॲक्शन घेतली, फाइल क्लोज.
माझं लहानपण आर्णीला, अरुणावतीच्या काठी गेलं. मलेरिया दर पावसाळ्यात यायचा आणि जायचा. तेव्हापासून हे रक्त तयार आहे. सगळी नोकरी यवतमाळात काढली, सुपरिंटेंडेंट म्हणून रिटायर झालो. आजारपणाची एक रजा नाही. निरोपाच्या भाषणात साहेबांनी ते मुद्दाम सांगितलं होतं.

२९ जुलै
पुन्हा. त्याच वेळेला. निदान वक्तशीर आहे.
कुंदाने मला न विचारता ऑटो बोलावला. रक्त तपासलं. व्हायवॅक्स मलेरिया.
डॉक्टर आमच्या मुलीच्या, स्पृहाच्या वयाचा असेल. त्याला म्हटलं, रिपोर्ट परत बघा, मला मलेरियाची इम्युनिटी आहे. तो म्हणाला, "काका, ती इम्युनिटी मलेरिया होत राहिला तरच टिकते. आर्णी सोडून किती वर्षं झाली?" म्हटलं, चाळीस. तो नुसता हसला.
मनाला लागलं. जिच्या भरवशावर चाळीस वर्षं छाती काढून फिरलो, ती केव्हाच काम सोडून गेली होती. मला साधी नोटीससुद्धा नाही.
दोन प्रकारच्या गोळ्या. एक तीन दिवस, दुसरी चौदा दिवस. "दुसरी मध्येच सोडू नका," असं जाताना परत दारापर्यंत येऊन म्हणाला. मी काय दुसरीतला मुलगा आहे?

१ ऑगस्ट
ताप गेला. संध्याकाळी फिरून आलो. शेजारचे बाबाराव कंपाउंडवरून म्हणाले, "साहेब, तब्येत काहून उतरून राह्यली?" म्हटलं, डाएटिंग.

४ ऑगस्ट
दुसऱ्या गोळीने पोटात जळजळ. जेवण गोड लागत नाही.
शांतपणे विचार केला. ताप नाही, थंडी नाही, मग गोळी कोणासाठी? ऑफिसात पाहिलेलं आहे. बाहेरून माणसं लावून काम उरकलं की आपला स्टाफ सुस्तावतो. माझ्या पेशींना संधी मिळाली पाहिजे.
निर्णय: गोळी बंद.
कुंदाला सांगितलं नाही. तिला सायन्स कळत नाही. उरलेल्या गोळ्या माझ्या जुन्या स्वेटरच्या खिशात, स्वेटर ट्रंकेत. थंडी पडेपर्यंत तिथे कोणी हात घालत नाही.
रात्री जेवताना तिने विचारलं, गोळी घेतली? म्हटलं, हो. सकाळी बीपीची घेतली होती. उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

१२ ऑगस्ट
आज कोर्स संपला असता. म्हणजे कुंदाच्या दृष्टीने संपला. तिने देवापुढे साखर ठेवली आणि साबुदाणा वडे केले. सहा खाल्ले. नाही म्हणणं संशयास्पद दिसलं असतं.

४ सप्टेंबर
स्पृहा आली! पहिलं बाळंतपण आमच्याकडे. जावई प्रफुल्ल बोरी अरबहून गाडी करून सोडून गेले. मुलगी दारव्ह्याला ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, त्यामुळे आल्या आल्या चौकशी सुरू: "बाबा, कोर्स पूर्ण केला ना? खरं सांगा."
म्हटलं, मी कधी काही अर्धवट सोडलंय का?
ती हसली. माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. सातवा महिना लागलाय. पाय सुजलेत.
संकल्प: या बाळंतपणाची सगळी सूत्रं मी हातात घेणार. सकाळी तिला फिरायला नेणे, वेळेवर फळं, घरात शिस्त.

५ सप्टेंबर
उठायला उशीर झाला. ती कुंदाबरोबर फिरून आली. संकल्प उद्यापासून.

१२ सप्टेंबर
थंडी. पलंग हलला.
रिपोर्ट: व्हायवॅक्स. पुन्हा.
डॉक्टरने कुंदा आणि स्पृहासमोर विचारलं, कोर्स पूर्ण केला होता? असा प्रश्न माणसाला बायको-मुलीसमोर विचारतात का? म्हटलं, हो. मग तो विचारात पडला. म्हणाला, तर मग नव्याने डास चावलेला दिसतो. घराच्या आसपास पाणी साचलंय का बघा. आणि गरोदर बाई घरात आहे, काका, तिला जपा.
ऑटोत स्पृहाने सगळं समजावलं. डास चावला की मलेरियाचे जंतू थोड्या वेळात लिव्हरमध्ये शिरतात. आपल्या रक्षक पेशींना कळेपर्यंत ते आत. तिथून रक्तात उतरतात आणि तांबड्या पेशींमध्ये दडतात. "आणि बाबा, बाकीच्या पेशी आत कोण शिरलंय ते बाहेर दाखवतात. तांबड्या पेशीला ते जमत नाही. ती फुटते तेव्हा गोंधळ होतो, तोच ताप." व्हायवॅक्सचे काही जंतू तर लिव्हरमध्ये झोपूनच राहतात. महिनोन् महिने. हलत नाहीत, म्हणून रक्षक पेशींना दिसत नाहीत. "दुसरी गोळी त्या झोपलेल्यांसाठी असते. तुम्ही घेतली होती म्हणून बरं."
मी खिडकीबाहेर बघत होतो.
लिव्हर! ज्या लिव्हरला मी जन्मात दारूचा थेंब लागू दिला नाही. लग्नात, सेंडऑफमध्ये, लोकांनी आग्रह केला तरी नाही. त्याने शत्रूला आत घेऊन अंथरूण घालून दिलं. इतका मोठा विश्वासघात मला ऑफिसातही कोणी केला नाही.

१५ सप्टेंबर
डासांची शोधमोहीम. कुंदाच्या मनी प्लांटच्या बाटल्या ओतल्या. तिने रिकाम्या बाटल्या ओळीने मांडून ठेवल्या.
मग बाबारावांचं टाकं. उघडं, काठोकाठ, स्वच्छ पाणी. मलेरियाच्या डासाला हेच आवडतं. भिंतीवरून चांगलं सुनावलं. मला वाटलं भांडतील. ते म्हणाले, "साहेब, स्पृहाले मी कडेवर खेळवलं हाय. तुम्ही म्हणता तं आत्ताच रिकामं करतो." आणि बादलीने उपसायला लागले. कंबर धरत, थांबत थांबत.
चूक मान्य असल्याशिवाय माणूस इतका नरम होत नाही.

१९ सप्टेंबर
डॉक्टरने चौदा दिवसांच्या गोळ्या परत दिल्यात. सात घेतल्या. पण एक अडचण आहे. या घेऊन आजार कायमचा गेला, तर मागच्या खेपेला घेतल्या नव्हत्या हे सिद्ध होतं. स्पृहा हुशार आहे, जोडेल. घरातली शांतता महत्त्वाची. तिला या दिवसांत मानसिक ताण नको.
गोळ्या स्वेटरमध्ये.

२ ऑक्टोबर
दसरा. ताप नाही. बघा! सोनं वाटलं. बाबारावांना मीच आधी दिलं. माफ करायला मन मोठं लागतं.

११ ऑक्टोबर
स्पृहाला थंडी वाजली.
दुपारी भाजी निवडत बसली होती. हातातल्या गवारीच्या शेंगा थरथरायला लागल्या. मला वाटलं उगीच घाबरतेय. मग तिचे दात वाजले. कुंदाने ब्लँकेट टाकलं, पुरेना. ट्रंक उघडली. मी म्हटलं, स्वेटर नको, ते कसर लागलेलं आहे, शाल घे. तिने ऐकलं नाही. माझं स्वेटर मुलीच्या अंगात चढवलं, पोटावर बटणं लागत नव्हती.
स्पृहाने हात खिशात घातले. गारठले होते म्हणून.
पट्ट्या बाहेर काढल्या. नाव वाचलं. कितीतरी वेळ हातात धरून होती. मग म्हणाली, "बाबा, हे तुमचं?"
म्हटलं, जुनं काहीतरी असेल.
  बाबाराव ऑटो घेऊन आले. ऑटोत स्पृहा थरथरत होती आणि पट्ट्या तिच्या मुठीतच होत्या. दवाखान्यात डॉक्टरच्या टेबलावर तिनेच ठेवल्या.
त्याने खुर्ची कुंदाकडे वळवली. सगळं कुंदाला सांगितलं.

१२ ऑक्टोबर
व्हायवॅक्स.
डॉक्टर म्हणाला, पोटातलं बाळ अर्धं बाहेरचं असतं. त्याला परकं समजून शरीराने मारू नये म्हणून गरोदरपणी आईचं शरीर थोडं नमतं घेतं. मलेरियाचं तेवढ्यात फावतं. बाळाचं वजन कमी भरू शकतं. बाळ आधीच येऊ शकतं.
आणि दुसरी गोळी, झोपलेल्यांसाठीची, तिला या अवस्थेत देता येत नाही. पोटातल्या बाळाला चालत नाही. म्हणजे ते तिच्या लिव्हरमध्ये राहणार. बाळंतपणानंतरसुद्धा डॉक्टर सांगेल तोपर्यंत. तोवर दर आठवड्याला पहिली गोळी घेऊन ताप दाबून ठेवायचा.
माझ्याजवळ ती गोळी होती. मला चालत होती. हे कुंदा म्हणाली. मी नुसतं लिहून ठेवतोय.
तरी मुद्दा उरतोच. मला चावलेलाच डास तिला चावला याला पुरावा काय? गावात डास काय एकच आहे? कोणत्याही चौकशीत हे टिकणार नाही.
रात्री ताटात पोळी, वरण, भात. लोणच्याच्या जागी गोळी. कुंदा समोर उभी. घेतली.
माझं सामान माझ्या परवानगीशिवाय उपसलं गेलं, याबद्दल या घरात कोणालाच काही वाटत नाही.

१५ ऑक्टोबर
प्रफुल्ल आले. चहा घेतला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाबा, मी तुम्हाले काही बोलून नाही राह्यलो. पण डिलिव्हरी आता आमच्याकडंच होईन."
म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरी होतं, लोक काय म्हणतील? तेवढ्यात कुंदाची बॅगही बाहेर आली.
मी म्हटलं, तू पण?
ती चप्पल घालत होती. म्हणाली, "मी रोज विचारत होते. एकदा तरी नाही म्हणायचं होतं. मी रागावले असते, एवढंच झालं असतं."
स्पृहा गाडीत बसताना माझ्या पाया पडायला वाकली. पोटामुळे वाकता येईना. मी म्हटलं, राहू दे. ती राहू देऊन बसली.
आधी रक्त फिरलं, मग लिव्हर, आता ही माणसं. गाडी वळेपर्यंत फाटकात उभा होतो. कोणी मागे पाहिलं नाही. काच काळी होती, कदाचित पाहिलंही असेल.

१६ ऑक्टोबर
सकाळी बाबाराव दारात. हातात माझ्या गोळ्या. "वहिनीनं सांगतलं, डोळ्यांदेखत गिळवा."
म्हटलं, ठेवा, घेतो नंतर.
"नाही साहेब. आत्ता."
घेतली.
"तोंड उघडा. आता जीभ वर करा."
जिल्ह्यातल्या कारकुनांना ज्याने पायरीवर उभं केलं, त्या माणसाने अंगणात तोंड उघडून जीभ वर केली. समोरून दूधवाला चालला होता.
अपमानाची नोंद घेतली आहे. योग्य वेळी बोलेन.

२१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. एकट्याने केलं. आरती मधेच विसरलो. चिवडा, अनारसे बाबारावांकडून. आधी गोळी, मग ताट.

२५ ऑक्टोबर
आज खरोखर कोर्स संपला. पोटात जळजळ झाली, पण मेलो नाही. साखर ठेवायला देवापुढे गेलो. डबा कुठे आहे ते माहीत नव्हतं.
कुंदाला फोन केला. उचलला नाही. कामात असेल.

१२ नोव्हेंबर
बातमी बाबारावांना आधी कळली. धावत आले, पायात चप्पल नाही. "साहेब, पोरगी झाली! आज्जे झाले तुम्ही!"
थोडी आधी आली. वजन थोडं कमी. पण रडली चांगली. दोघी ठीक.
मी फोन लावला. स्पृहाने उचलला. आवाज थकलेला. मला पुष्कळ बोलायचं होतं. पहिल्यांदा तोंडातून निघालं ते: मी कोर्स पूर्ण केला. चौदाच्या चौदा. येऊ का बघायला?
 ती म्हणाली, "बाबा, फोन जरा बाबारावकाकांना द्या."
दिला.
बाबाराव म्हणाले, "हो माय. घेतल्या. रोजच्या रोज. मी जीभ वर करून पाह्यली." मग नुसतं हं, हं. मग फोन मला न देताच ठेवला. म्हणाले, "रक्त तपासून घ्या म्हणते, साहेब. रिपोर्ट डॉक्टर डायरेक्ट तिलेच पाठवतीन. मंग सांगते म्हणे कवा यायचं ते."

१३ नोव्हेंबर
रक्त देऊन आलो.
प्रफुल्लने फोटो पाठवला आहे. बाळाला मच्छरदाणीत ठेवलंय, फोटो बाहेरून काढलाय. आत काहीतरी गुलाबी दिसतं. चष्मा पुसला. झूम करून पाहिलं. जाळीच मोठी झाली.