बाबांच्या भिंतीला पत्रे

तीर्थरूप ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे तुझं ऐकतात ना? भाऊजींचा खोकला उतरला असेल, आवाज उतरण्याची आशा आम्ही सोडली आहे. इकडे सगळं ठीक.

तुझ्या हुकुमाप्रमाणे बाबांच्या रंगकामाच्या खोलीला बाहेरून पत्रे मारायचं काम मी स्वतःच अंगावर घेतलं. (मिस्त्री कशाला, असं म्हणालो तेव्हा तुझी भावजय नुसती हसली. तिथेच सावध व्हायला हवं होतं.) ओलीने भिंत पोखरली आहे, झाकली नाही तर पडेल, हे तुझं म्हणणं खरं आहे. काम बरंचसं उरकलं आहे.

आपण पडलो पाट्या रंगवणाऱ्याची मुलं. वरून खाली या म्हणजे ओघळ झाकले जातात, हे बाबांनी ब्रशच्या दांड्याने आपल्या डोक्यात बसवलेलं. म्हणून मी पहिला आडवा पत्रा छपराखाली लावला आणि पुढच्या प्रत्येकाची कड वरच्या पत्र्यावर चढवत ऐटीत खाली आलो. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलंही. त्यांच्यादेखत तुझ्या भावजयीने शिडीवरून बादलीभर पाणी ओतलं. ते सांध्यासांध्यातून आत शिरलं आणि तळातून निघून माझ्या चपला भिजवून गेलं. पत्रे खालून वर लावायचे असतात, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक होतं. (पण बोलले नाहीत. शेजारधर्म.)

सगळे उतरवले आणि भिंतीसमोर बसून राहिलो. काम संपलं की बाबा ब्रश इथेच पुसायचे. औषधवाल्याचा हिरवा, न्हाव्याचा लाल, सगळा बाजार त्या भिंतीवर आहे. रंगावरून दुकान ओळखायचा आपला खेळ, आणि दर वेळी तूच जिंकायचीस. अगदी खाली एक निळा फराटा आहे, तो बाबांचा नाही. शाळेच्या पाटीवरचं एक अक्षर त्यांनी तुला भरू दिलं आणि तूही त्यांच्यासारखाच ब्रश पुसलास. मला दिलं नाही म्हणून मी जेवलो नव्हतो. ताई, फार आठवण आली तुम्हा दोघांची.

भाऊजींना नमस्कार.

शिडीवरून अद्याप न पडलेला,
तुझा धाकटा

ता. क. काम बरंचसं उरकलं, ही थाप होती. भिंतीवर आज एकही पत्रा नाही. ड्रिल शेजाऱ्यांचं आहे आणि ते रोज कुंपणापाशी येऊन खाकरतात.

पुन्हा ता. क. सुरुवात खालच्या पत्र्यापासून करायची आणि तुझा निळा नेमका तिथेच आहे, म्हणून माझा हात चालत नाही. बाबा गेल्यावर, आता तिथे काय उरलंय, म्हणालीस आणि परत आली नाहीस. हे उरलंय. पावसाच्या आत ये, एकदा बघून घे. मग पत्र्याचं एक टोक तू धर, दुसरं मी धरतो.