कुपी क्रमांक ४१ मधील थेंबांची हानी

प्रति,
मा. अधिष्ठाता (संशोधन),
एल्वस्ट्रँड विद्यापीठ, स्वीडन

विषय: कुपी क्र. ४१ मधील थेंबांची हानी नोंदवून घेण्याबाबत.
संदर्भ: मालमत्ता कक्षाचे दि. ९ मे रोजीचे पत्र, 'हानी आढळून येत नाही'.

महोदया,

१. दि. २ मे रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी सायकल लावली, हातमोजे वाळत घातले, कुपी क्र. ४१ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि वहीत नोंद केली: दिवस ३११, थेंब स्वतंत्र. नंतर कुपी कपाटात परत ठेवली.

२. दोन द्रावणे, दोन्ही पाण्याचीच, ठरावीक मर्यादेपलीकडे दाट असली की मिसळत नाहीत. एकाचे थेंब दुसऱ्यात तरंगतात. त्यांच्यामधील सीमा इतकी दुबळी असते की शेजारचे थेंब काही तासांत एक होतात. सीमेवर प्रथिनाचे कण बसवल्यामुळे माझे थेंब एक झाले नाहीत. प्रबंधाचे चौथे प्रकरण त्यावरच उभे आहे. परीक्षकांनी कुपी प्रत्यक्ष पाहण्यास मागितली होती.

३. दहाच्या कॉफीला माझे मार्गदर्शक प्रा. सिक्स्टेन ब्रुडीन यांनी पाहुण्यांसमोर कपाटातील हाताला लागेल ती कुपी घेतली. पाणी घालून थेंब नाहीसे करण्याची गंमत ते दरवर्षी ताज्या कुपीवर दाखवतात. "तोरुनच्या पाण्याला थोडं पाणी," असे माझ्याकडे पाहून म्हणत त्यांनी आपल्या पेल्याच्या तळाशी उरलेले पाणी तीत ओतले. द्रावण पातळ होऊन मर्यादेखाली गेले आणि दुधी रंग पाच सेकंदांत निवळला. टाळ्या पडल्या. दुसरी करायला किती वेळ लागेल, असे त्यांनी विचारले. तीनशे अकरा दिवस, असे मी सांगितले. त्यावर सर्वजण पुन्हा हसले.

४. मालमत्ता कक्षाच्या मते कुपीत पूर्वी दहा मिलिलिटर द्रव होता, आता चौदा आहे. सबब घट नाही. जास्तीचे पाणी उडवून पाहावे, असे तेथील बाईंनी आपुलकीने सुचवले. मी तसे केले. थेंब आले. ते त्या दिवशी तयार झालेले होते.

५. नंतर प्रा. ब्रुडीन यांनी परीक्षकांपुढे कुपी क्र. ८३ ठेवण्यास सांगितले. "लेबल तेवढं बदल गं. कोण ओळखणार आहे? का इथेच म्हातारी व्हायचंय तुला?" कुपी क्र. ८३ नऊ दिवसांची आहे.

६. तरी हानीची नोंद व्हावी, ही विनंती. जाहीर परीक्षेच्या नियमानुसार माझा प्रबंध दि. २९ एप्रिल रोजी मुख्य दालनाच्या फळीवर, सर्वांना वाचता यावा म्हणून, खिळ्याने ठोकण्यात आला होता. हातोडी आईने मारली होती. आज सकाळी, कोणी येण्यापूर्वी, मी तो काढून घेतला आहे. भोक मेणाने बुजवले आहे.

आपल्या विद्यापीठाची आजपर्यंतची विद्यार्थिनी,
तोरुन हेडवाल
दि. १३ मे

सोबत: प्रयोगवही, दिवस १ ते ३११, कुपी क्र. ४१, विद्यापीठाच्या मालकीचा खिळा, एक.