इरिनीची क्रियापदं

प्रिय संघर्ष,

ही पानं बघून तू दचकशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, आता काळजीचं काही नाही. मी ठीक आहे. इरिनी माझ्यासमोर बसून वाटाणे सोलतेय आणि सोलता सोलता निम्मे खातेय. दर रविवारी फोन होतो, मग आईला पत्र लिहून त्याचे फोटो पाठवायची हुक्की का आली, असं तुला वाटेल. फोनवर तुझा आवाज मध्येच पाण्यात गेल्यासारखा गुडूप होतो, आणि नीट येतो तेव्हाही तू ‘हो आई, बरं आई’च्या पुढे सरकत नाहीस. तुझे पप्पाही असेच होते. त्यांच्याशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं की मी डब्यात चिठ्ठी घालायची. तेव्हा ड्युटी संपली की हातपाय धुऊन, केबिनचं दार लावून बैस आणि हे सावकाश वाच.

नाशकात यंदा थंडी लांबली आहे. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदून ठेवलेत, पंचवटीत जायचं म्हटलं की रिक्षावाला आधी हात जोडतो. कॉलनी आहे तशीच आहे. शेजारच्या सुलाबाई रोज सकाळी ‘जयभीम बाई’ म्हणत येतात, माझ्याशी एक वाक्य बोलतात आणि उरलेला वेळ तुझ्या बायकोशी. ‘इरिनी’ त्यांच्या जिभेवर बसेना, त्यांनी तिचं ‘हिरणी’ करून टाकलं. तिच्या मनगटावरचा गोंदलेला क्रूस पाहिला आणि लगेच स्वतःच्या हातावरचं गोंदण पुढे केलं, तिथेच दोघींची गट्टी जमली. इरिनी मला ‘मामा’ म्हणते, त्यांच्याकडे आईला तसंच म्हणतात. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुलाबाई ओट्याला धरून हसल्या होत्या, ‘सासूचा मामा केला की हो पोरीनं!’ मलाही आधी चमत्कारिक वाटायचं. आता बाजारात कुणाची भाची ‘मामा’ म्हणून हाक मारते आणि मीच वळून बघते.

दिवाळीनंतर तू जहाजावर गेलास आणि घर एकदम शांत झालं. दोन बायका आणि मध्ये मोडकंतोडकं इंग्रजी. एका दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, ‘मामा, टीच मी इंग्लिश.’ तिकडे तिच्या गावी, पोर्ट सैद बंदरात, ती औषधाच्या दुकानात काम करायची तसं तिला इथेही करायचं होतं. हे तिने सांगितलेलं कारण. दुसरं मला हळूहळू कळलं. तू भाजलेल्या हाताला मलम घ्यायला तिच्या दुकानात गेलास आणि तिथून तुमचं जे सुरू झालं ते सगळं इंग्रजीत. तुमचं प्रेम इंग्रजीत, रुसवेफुगवे इंग्रजीत, आणि ते इंग्रजी तुम्हा दोघांपैकी एकाचंही नाही. आपण म्हणतो ते संघर्षला तसंच्या तसं पोचतं का, ही शंका तिला खात होती.

मी उभं आयुष्य महापालिकेच्या शाळेत मुलांकडून ‘गेट, गॉट, गॉट, गेट म्हणजे मिळवणे’ घोकून घेतलं. इरिनीला ‘मिळवणे’ सांगून काय उपयोग? मग मी वाक्य बोलायची, हातवारे करायची आणि ती त्याचं अरबी सांगायची. स्वयंपाकघरातून साखर ‘गेट’ म्हटलं तर ‘हाती’, म्हणजे घेऊन ये. सकाळी ‘गेट अप’ला ‘ऊमी’. ‘आय गॉट इट’, समजलं मला, तर ‘फहिम्त’. रिक्षातून ‘गेट डाउन’, तर ‘इन्झिली’. सगळे शब्द निराळे, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. ती कपाळाला हात लावून म्हणाली, मामा, तुमचा हा गेट एकटा किती घरची कामं करतो! मी म्हटलं, माझा नाही गं बाई, मी फक्त शिकवायची. ‘टेक’चंही तेच. औषध टेक, फोटो टेक, बस टेक. अरबीत बस ‘घेत’ नाहीत म्हणे, घोड्यावर बसावं तशी तिच्यावर स्वारी करतात. ते ऐकल्यापासून सिटी बसमध्ये चढताना माझी पाठ आपोआप ताठ होते. इतकी वर्षं हे शब्द शिकवले, पण त्यांच्या पोटात किती बिऱ्हाडं आहेत ते तिने एकेकाला अरबीत वेगळं काढून दाखवलं तेव्हा कळलं.

सगळं हसतखेळतच चाललं होतं असं मात्र समजू नकोस. एकदा तिचा चेहरा उतरलेला होता, अंगही मला गरम लागलं, तरी ती भांडी घासत उभी. मी मागून जाऊन तिच्या हातातली कढई ओढली आणि म्हटलं, ‘लीव्ह! लीव्ह!’ सोड गं, राहू दे, एवढंच मला म्हणायचं होतं. मग तिने हात पुसले, चपला घातल्या आणि निघून गेली. मला वाटलं, मोकळ्या हवेत चक्कर मारायला गेली असेल. कढई घासून झाली, भात झाला, तरी हिचा पत्ता नाही. तेवढ्यात सुलाबाई दारात. ‘बाई, तुमची हिरणी विहारात बसलीय. रडून रडून डोळे सुजलेत पोरीचे. काय बोललात तिला?’ मी तर काहीच बोलले नव्हते. पण ‘लीव्ह’ म्हणजे तिच्या लेखी ‘इम्शी’, चालती हो. आणि ती खरंच चालती झाली होती, एका शब्दाने उलट न बोलता, परक्या गावात. विहाराच्या पायरीवर मी तिच्याशेजारी बसले आणि कढई सोडल्याचा अभिनय पुन्हा पुन्हा करून दाखवला. येणारीजाणारी माणसं बघत होती. तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती ओरडलीच, ‘सीबी! मामा, धिस इज सीबी!’ आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत रडत हसली. तेव्हापासून आपल्या घरात ‘लीव्ह’ बंद आहे. मी ‘सीबी’ म्हणते. सुलाबाईसुद्धा म्हणतात, त्यांना ते इंग्रजी वाटतं.

पुढे तिने मराठीला हात घातला आणि माझी फजिती केली. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, पप्पांना प्रेसमध्ये नोकरी लागली, आमटी खारट लागली, दाराला कुलूप लागलं. ‘मामा, यू अल्सो हॅव गेट!’ म्हणाली. खरंच की. मराठीत जन्म काढला, पण ‘लागणे’कडे मी कधी असं बघितलं नव्हतं. मग ‘मिस’ शिकवायची पाळी आली. बस मिस झाली तर त्यांच्यात ‘फातनी’ म्हणतात, ती मला मागे टाकून गेली. माणसाला मिस केलं तर ‘वहश्तिनी’. त्यात आपण काही करत नाही, जो दूर असतो तोच आपल्याला करतो. तू मला ओसाड करून ठेवलंस, असं काहीसं. तिने ते तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत सांगितलं. मी चहा टाकायला उठले.

आता खरं सांगायचं ते सांगते. संक्रांत होऊन गेली होती. मी बाजारातून मेथी, कांदापात घेऊन आले तर इरिनी पलंगाच्या कडेला बसलेली, चेहरा पांढराफटक. ‘मामा, इट गेट डाउन,’ म्हणाली. मी विचारलं, काय गेट डाउन? कोण उतरलं? ‘इट गेट डाउन फ्रॉम मी. आय लूज.’ तिचा हात गळ्याशी होता. मला वाटलं, तू दिलेलं लॉकेट पडलं, हरवलं. मी म्हटलं, रडू नको, घरातच असेल, कुठे जातंय. आणि गुडघे टेकून पलंगाखाली शिरले. झाडू फिरवला, गादीची कड उचलली. ती नुसती बघत होती. भिंतीच्या कडेला मला तिच्या कानातला एक टॉप मिळाला, कधीचा पडलेला, धुळीने माखलेला. तो वर धरून मी वर्गात ओरडावं तशी ओरडले, ‘गॉट इट!’ तिने त्या टॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग माझा हात धरला, आणि टॉप मुठीत असतानाच तो स्वतःच्या पोटावर ठेवला. तेव्हा मला सगळं समजलं.

बाळा, तिला दिवस गेले होते. तिसरा महिना लागला होता. तिने मलाही सांगितलं नव्हतं. तू मे महिन्यात घरी आलास की समोर उभं राहून तुला सांगायचं, तुझा चेहरा बघायचा, म्हणून तिने ते मनात जपून ठेवलं होतं. सुलाबाई रिक्षा घेऊन आल्या आणि तिला आम्ही दोघींनी मध्ये धरून बसवलं. ‘हळू घे रे दादा, खड्डे चुकव,’ असं त्या सगळ्या रस्ताभर म्हणत होत्या. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. सगळं नीट तपासलं, उपचार केले, म्हणाल्या, हे बऱ्याच जणींचं होतं, यात कुणाची चूक नसते, तब्येतीला धोका नाही, पुढे सगळं व्यवस्थित होईल. मग इरिनीच्या गालावर हात ठेवून इंग्रजीत म्हणाल्या, ‘यू विल गेट ओव्हर इट.’ परत येताना रिक्षात इरिनीने मला त्याचा अर्थ विचारला. मी खूप विचार केला आणि सांगितलं, हा मला येत नाही.

सुलाबाई रोज हळिवाची खीर करून आणायच्या. तिच्या केसांना तेल लावत तिच्याशी अखंड मराठीत बोलायच्या. ‘माझंबी पडलं होतं गं, थोरल्याच्या आधी. लय रडले. कुणाला सांगावं वाटंना. रड तू, दाबून नको ठेवू.’ इरिनी मान हलवायची. एक दिवस तिने मला विचारलं, ‘मामा, पडलं मीन्स?’ मी टेबलावरचा चमचा खाली पाडून दाखवला. तिने वाकून चमचा उचलला आणि ती म्हणाली, ‘निझिल.’ त्यांच्याकडेही तसंच म्हणतात रे. बाळ निझिल झालं, खाली आलं. रिक्षातून उतरायचा जो शब्द, ‘इन्झिली’, त्याचंच हे रूप. तिने मला तिच्या भाषेतलं अगदी बरोबर इंग्रजीत करून सांगितलं होतं. मी पलंगाखाली लॉकेट शोधत होते.

शरीराने ती आता बरी आहे, जेवतेखाते, कालच सुलाबाईंबरोबर विहारात जाऊन आली. पण तुला सांगायचं तिला जमेना. तिने माझ्याकडे योग्य इंग्रजी शब्द मागितला. मी शिक्षिका ना, लगेच ‘मिसकॅरेज’ दिला. तिने तो लावून पाहिला, मिस म्हणजे चुकीचं, कॅरी म्हणजे उचलून नेणं, पिशवी कॅरी करतात तसं. ‘मामा, आय कॅरी राँग?’ मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तो शब्द गेला. मग राहिला ‘लॉस्ट’. त्यांच्याकडे मॅच हरली की ‘खिसिर’, किल्ली हरवली की ‘दाअ’. ती म्हणाली, मी हरलेही नाही आणि कुठे विसरूनही आले नाही. रविवारी तुझा फोन यायच्या आधी ती आरशापुढे उभी राहून काहीतरी पुटपुटत असते. मग तू विचारतोस, ‘हाऊ आर यू?’ ती म्हणते, ‘फाइन.’ तू म्हणतोस, ‘गुड, गुड.’ फोन बंद झाल्यावर कितीतरी वेळ ती तो हातातून खाली ठेवत नाही.

काल ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘मामा, यू राइट. इन मराठी.’ अरबी तुला कळायचं नाही आणि इंग्रजीत तिचं तिलाच खोटं वाटतं. संघर्ष लहान असताना त्याचे आजोबा गेले, तेव्हा त्याला कुणी सांगितलं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मी. मग त्याच भाषेत हेही सांग, म्हणाली. म्हणून हे पत्र. ते तिचं आहे, मी फक्त भाषांतर केलं. रविवारची वाट बघू नकोस, वाचून झालं की फोन कर. ‘इट्स ओके’ म्हणू नकोस, ‘डोन्ट वरी’ म्हणू नकोस. तुला रडू आलं तर तिला ऐकू दे. एकटीने रडून ती दमली आहे. ती वाटाणे बाजूला सारून आत्ता माझ्याकडून पेन मागतेय. तळाशी तिने स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे, उजवीकडून डावीकडे. लिहिताना ती कुठे अडखळली नाही, मान वर करून मला शब्दही विचारला नाही. मी तिला अर्थ विचारलेला नाही. तो तू विचार.

तुझीच,
आई