मिठाचा लाल दिवा

पनवेल

प्रिय मितेश,

फोनवर रोज बोलतो आपण, तरी ही बया पत्र कशाला लिहीत बसली, असं म्हणशील. फोन स्पीकरवर असतो आणि शेजारी तुझी आई बसलेली असते, म्हणून. तुझा आवाज ऐकला की ती एकदम खणखणीत होते. जेवलास का, उन्हात फिरू नकोस, सगळं बरोब्बर विचारते. मग तू मला म्हणतोस, समीक्षा, तू उगाच घाबरतेस, वय झालंय तिचं. कमलाकर भावजी सुट्टी संपवून पुन्हा तुझ्याकडे मस्कतला निघालेत, त्यांच्याबरोबर हे पाठवते. एकटा असशील तेव्हा वाच. आई आत्ता समोरच बसून कोळंबी सोलतेय, तेव्हा आधी घाबरून जाऊ नकोस.

तू हौसेने घेऊन दिलेल्या डिशवॉशरपासूनच सगळं सुरू झालं. एके दिवशी मध्येच थांबलं आणि पडद्यावर ई आणि पुढे चार. पुस्तिकेत बघितलं तर पाणी आत येत नाही असा अर्थ. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी, म्हणजे गाळ अडकला असणार. नळ बंद केला, मागची नळी सोडवली, तिच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी जाळी असते ती जुन्या ब्रशने घासली. चाललं! मी अशी खूश, जसं काही विमानच दुरुस्त केलंय. चार दिवसांत पुन्हा तोच ई, तोच चार. ती जाळी काढून काढून माझ्या बोटांची सालं निघाली. मग एकदा दुसराच आकडा, पाणी बाहेर जात नाही म्हणून. तळाची गाळणी उघडली, तर भाताची शितं नाहीत, काही नाही. करकरीत रेती. आणि एक शिंपला, नखाएवढा. मी तो हातात धरून बघतच राहिले. आपण शिंपल्या कधी आणल्या होत्या?

शेवटी कंपनीचा माणूस बोलावला. मी ऑफिसात, आई घरात. त्याचा फोन आला की मॅडम, घर बंद आहे, बेल वाजवून दमलो. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, घरात माणूस आहे, खोटं कशाला बोलता, यायचा कंटाळा असेल तर तसं सांगा. नाही नाही ते बोलले रे त्याला. संध्याकाळी आईला विचारलं तर म्हणाली, कोनी नाय आला. मीही विश्वास ठेवला.

पुन्हा मीच बसले पाना घेऊन. एकच जागा बघायची राहिली होती, ती तळातली मिठाची टाकी. जड पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून तिच्यात मशीनचं पांढरंशुभ्र मीठ घालतात ना, ती. झाकण फिरेना. फडकं गुंडाळून सगळा जोर लावला, तेव्हा उघडलं. आत करडं, ओलं, चिखलाचं खडेमीठ दगडासारखं बसलं होतं. मितेश, ते दुकानातलं मीठ नव्हतं. आपण दोघं आगरी घरातली, मिठागरातलं मीठ मला वासावरून कळतं. मी फरशीवर बसून चमच्याने ते खरवडून काढलं. मशीन सरकवलं तर मागे आईच्या चपला, प्लास्टिकच्या पिशवीत, खाडीच्या चिखलाने भरलेल्या.

तिने लपवलं नाही काही. उलट माझ्यावरच डाफरली. मीठ संपलं की मशीनवर लाल दिवा लागतो, हे तिने मला बघून शिकून घेतलंय. दिवा लागला की ही पिशवी घेऊन निघते, मिळेल त्या रिक्षाने, थेट उरणच्या रस्त्याला. मी म्हटलं, आई, ह्या मशीनचं मीठ वेगळं असतं. तर म्हणते, मीठ आमी पिकवलाय, मना नको शिकवू! मला हसू आलं क्षणभर. आणि मग म्हणाली, तुजा सासरा रास लावून बसलाय थय, पानी येयाच्या आदी उचलाला नको?

बाबा बसलेत, म्हणे. आपल्या आगरावर भराव पडून ट्रक उभे राहतात आता, आणि बाबांचा देह आपटाफाट्यावरून घरी आणला त्या दिवशी मी तिच्या बांगड्या उतरवल्यात, माझ्या ह्या हातांनी. ती कुठल्या बांधावर जाते, कुणाच्या राशीतलं मीठ उचलते, देव जाणे. मी फक्त तिच्या पायांचा चिखल धुतला.

टाकी साफ केली, गरम पाण्याने चार वेळा धुतली, झाकणाचं रबर बदललं. मशीन आता छान चालतंय. पण मी लावत नाही. भांडी हाताने घासते, कारण चालू केलं की कधीतरी तो लाल दिवा लागणार. दिवाच लागला नाही तर ती जाणार नाही, एवढी साधी माझी अक्कल. परवा मशीन बंद होतं, प्लगसुद्धा काढलेला, तरी ती गेली. जासईजवळ हायवेच्या दुभाजकावर उभी होती, डोक्यावर पिशवी, दोन्हीकडून कंटेनर. आपल्या गावचा धनेश रिक्षा घेऊन चालला होता म्हणून दिसली. त्याने आणून सोडलं, तेव्हा मला म्हणाली, बाय, तू कोनाची गो?

सोमवारपासून मला ऑफिसला जायलाच हवं, रजा संपली. डॉक्टर म्हणतात, एकटं ठेवू नका. मी बाजारातून कुलूप आणलंय, दाराला बाहेरून लावायला. काल खाली भाजी आणण्यापुरतं लावून बघितलं. वर आले तर आई दाराला टेकून बसली होती, पिशवी मांडीवर. ओरडली नाही, रडली नाही. दार उघडल्यावर एवढंच म्हणाली, उशीर झाला, ते उन्हात बसले असतील. मितेश, मला हे कुलूप पुन्हा लावता येणार नाही, आणि न लावता घराबाहेर पडताही येणार नाही. ते मशीनवर ठेवलंय. किल्ली या पाकिटात घातलीय. लावायचं की नाही ते तू ये आणि तिच्या समोर उभा राहून सांग, फोनवर नाही. लवकर ये रे. तुझं नाव अजून तिला आठवतंय.

तुझी वाट बघणारी, तुझीच
समीक्षा