राक्षसाचा माळ

सुरत

मल्हारच्या बाबांना सारजाचा नमस्कार.

छकुली बाळंत झाली, मुलगी हाय. मायलेकी ठणठणीत हायत, काळजी करू नका. तुमी येळेवर जेवताय का? शेरडांना पाला कोण घालतं?

मल्हारनं फोटो पाठवला. देवानं राक्षस मारला ती जागा शोधाया पुण्याची मॅडम आलीया, अन् तुमी तिला गाडीवर बसवून निमगाव केतकीपर्यंत सगळे माळ दाखवताय म्हणं. दाखवा की, मला काय त्याचं! पर तिच्या अंगावर माझं घोंगडं कशापायी?

लेकीला लेकरू झालं, तरी मला कदी त्या राक्षसाच्या माळावर न्हेलं न्हाय. "बायामाणसाचं तितं काय काम?" आसं तुमीच म्हणायचा.

आता ऐका. तुमचा माळ चुकीचा हाय. खरी जागा तुमच्या आईनं मला लग्नाच्या वर्षीच दाखवली. तितल्या डोहात पाय घातला की तळाची माती रगतावानी वर येती. सासू सुनेला दाखवती, बाप्यांना न्हाय.

कुठं ते लिहीत न्हाय. मी आले की गाडीवर मागं मला बसवा, मग वाट सांगीन. मॅडमला येयाचं आसंल तर चालत येऊ द्या.

घोंगडं धुऊन ठेवा.

तुमचीच,
सारजा