सुदाममामांना, माझ्या प्रबंधाच्या विषयाबाबत

गंजाड,
रविवार

आदरणीय सुदाममामा,

तुमच्या भाचीचा, रोशनीचा, वाकून नमस्कार. रखमीमामींचा गुडघा आता कसा आहे? आई म्हणते, त्यांनी जिना चढणं कमी करावं. (तुमच्या घराला जिना नाही हे मी तिला सांगितलं, तरी निरोप कळवच म्हणाली.) इकडे भाताची कापणी उरकली, बाबांचा खोकला गेला, बाकी सगळे ठीक आहोत.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल, कारण तलासरी काही परदेशात नाही आणि फोन दोघांकडेही आहेत. पण सांगायचं आहे ते माझ्या एम.ए.च्या प्रबंधाविषयी, आणि फोनवर तुम्ही "हो बाळा, छान" म्हणालात की मला पुढे बोलता येत नाही.

माझा विषय संघटनात्मक मानसशास्त्र, म्हणजे कामाच्या ठिकाणी माणसं अशी का वागतात याचा अभ्यास. (तुम्ही नातेवाइकांना मी डॉक्टर होणार म्हणून सांगता, ते कृपया थांबवा. परवाच्या लग्नात एका काकूंनी मला जीभ काढून दाखवली.) यात प्रबंध लिहावा लागतो आणि त्याचा विषय आपला आपण शोधायचा असतो. मी आधी "बहुराष्ट्रीय कंपन्यांमधील नेतृत्वशैली" असा विषय नेला. आमच्या मार्गदर्शक बाई नरपडला राहतात, त्यांनी ओसरीवर बसून तो वाचला आणि अशा कंपनीतलं कोण ओळखीचं आहे ते विचारलं. कुणीच नव्हतं. मग "घरून काम करणाऱ्यांचा मानसिक ताण" नेला. आमच्या गावात तसं काम करणारा एकच, शेजारचा नितीन, आणि त्याला ताण आहे असं त्याच्या आईलासुद्धा वाटत नाही. बाईंनी दोन्ही कागद परत दिले आणि म्हणाल्या, "रोशनी, तुझा प्रबंध कुणी वाचलाच नाही तर ज्यांचं नुकसान होईल, त्यांची नावं आधी मला सांग." मला एकही नाव सांगता येईना. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

तेव्हा तुम्हीच धावून आलात. तुम्ही सुपरवायझर आहात त्या फरसाण पॅकिंगच्या कारखान्यात मला परवानगी मिळवून दिलीत. जेवणाच्या सुट्टीत मी बत्तीस बायकांना "कामातील समाधान" या विषयाचे चाळीस विधानांचे कागद वाटले आणि तुम्ही सगळ्यांना चहा वाटलात. वीस मिनिटांत कागद भरून हातात. मला वाटलं, आता पदवी आपलीच. घरी येऊन पाहते तर सगळ्यांनी एकाच रकान्यात खुणा केलेल्या: पूर्णपणे सहमत. "मला हे काम मनापासून आवडतं" याला पूर्णपणे सहमत, आणि "मला हे काम सोडून जावंसं वाटतं" यालाही पूर्णपणे सहमत. बाईंनी गठ्ठा चाळून विचारलं, "एकीनेच बसून भरलेत का?" मग विचारलं, "तेव्हा सुपरवायझर कुठे होते?" मी म्हटलं, तिथेच, चहा देत होते, ते माझे मामाच आहेत. बाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि गठ्ठा माझ्याकडे परत सरकवला.

पुढच्या शनिवारी मी तुम्हाला न सांगता तलासरी नाक्यावर गेले आणि पाळी सुटल्यावर त्या बायकांच्या जीपमध्ये बसले. आम्ही अकराजणी होतो. निम्मी वाट सरली. मग सहभागी क्रमांक सतराने (नाव सांगायचं नाही असा आमच्यात नियम आहे, आणि हे तुम्हाला लिहायला तिने स्वतः होकार दिलाय, ओळखलंत तरी ओळखल्याचं दाखवू नका) हातावरचा पदर बाजूला केला. तळव्यावर बोटभर रुंद भाजल्याची खूण होती. चुलीवर भाजलं असं तिने तुम्हाला सांगितलं होतं. खरं तर गरम पट्टीने पिशव्या चिकटवायच्या तीन नंबरच्या मशीनची पुढची जाळी दसऱ्यापासून निखळली आहे, आणि बायका तिथे पुठ्ठा लावून काम करतात; तुम्ही फेरीला आलात की त्याच्या पुढ्यात उभ्या राहतात.

मी विचारलं, "मामांना का नाही सांगितलं? रागावतात का?"

"नाही गं. रागावले असते तर भांडलो असतो," ती म्हणाली. "भला माणूस आहे. काही सांगितलं की वर ऑफिसात जातात, आणि खाली येतात तेव्हा त्यांचं तोंड बघवत नाही. म्हणून आम्हीच ठरवलं, त्यांना सांगायचं नाही."

बाकीच्या बायका बाहेर बघत होत्या. एकीनेही तिला खोडून काढलं नाही.

मामा, भीतीपोटी कामगार गप्प बसतात हे मी तीन पुस्तकांत वाचलंय. साहेबाची कीव येऊन कुणी हात भाजून घेतं, हे मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही. बाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आता नावं सांगता येतील ना?"

त्यानंतर मी दोनदा तुमच्याकडे जेवले. दोन्ही वेळा सांगायचंच ठरवून आले होते. तुम्ही माझ्या ताटात सुक्या बोंबलाचं कालवण जास्तीचं वाढलंत आणि अभ्यास कसा चाललाय ते विचारलंत. मी छान चाललाय म्हणाले आणि घरी आले. त्याची मला लाज वाटते, म्हणून हे पत्र.

तुमची,
रोशनी

ता.क. प्रबंधाचा विषय असा ठरतोय: "सुपरवायझरविषयीची आपुलकी आणि कामगारांचं मौन". बाईंना पसंत आहे.

ता.क. दुसरा : पहिली मुलाखत तुमची हवी आहे. एक तास लागेल. वर ऑफिसात तुम्हाला काय बोलतात, हे विचारणार आहे. तुमचं नाव कुठेही येणार नाही. नको वाटलं तर सरळ नाही म्हणा, मी विषय बदलीन. वर्ष वाया जाईल, पण नितीनच्या ताणावर लिहीन.

ता.क. तिसरा : तीन नंबरचं मशीन मात्र उद्या सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी बंद करा. हे प्रबंधासाठी नाही आणि ही विनंतीही नाही. पत्र माझी बहीण प्रगती आजच संध्याकाळी तुमच्या हातात देईल. मी सातच्या आधी गेटवर पोचते. वर जाताना मला बरोबर न्या.